अर्धा चक्कर

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी विसळली.
माटुंग्याच्या कॉलेजात, पहिल्या मजल्यावर.
वायंगणकर, ब्युरेट. वायंगणकर, स्टँड हलतोय.
हलत्या स्टँडखाली कागदाची घडी सरकवणारा
तो मी.
डेड स्टॉकच्या वहीत अक्षर माझं,
सह्या साहेबांच्या.

आणि आता, निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात,
वडाळ्याच्या पालिका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
सकाळी नऊ ते एक
बावीस मुलं मला सर म्हणतात.
पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं,
कोण आलंय.

देवयानीबाई म्हणाल्या होत्या, या ना काका,
तुम्हाला तर सगळं येतं.
मला काय येतं?
नुसत्या आवाजावरून सांगता येतं
काचेला तडा गेलाय का.

सोमवारी लिंबांवर दिवा लावला.
म्हणजे लागला, पण इतका मिणमिणता
की खिडकीत दप्तरं रचून
अंधार करावा लागला त्याच्यासाठी.
मंगळवारी कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब,
एकच मायक्रोस्कोप आणि ही रांग.
ओजस डोळा लावून म्हणाला,
हॅ, या तर आमच्या बाथरूमच्या टाइल्स.

बुधवारी मोटर.
एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबकाचा तुकडा,
तांब्याच्या तारेचं बारा वेढ्यांचं वेटोळं.
आदल्या रात्री मी घरी करून पाहिलं होतं.
फिरलं नव्हतं.
बायको म्हणाली, झोपा आता, उद्या फिरेल.

फळ्यावर मी चित्र काढलं, फिरण्याचा बाण दाखवला.
मुलांनी पॉलिश पेपरनं तारेची टोकं घासली,
चांगली लख्ख, मी सांगितली तशी.
आणि बावीस वेटोळी
जरा डुलली,
मान इकडे-तिकडे हलवून
नाही म्हणाली.

सर, माझी मेली.
सर, सेल तापतोय.
सर, आता काय?
चौतीस वर्षांत हा प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.
मी म्हणालो, मला माहीत नाही.
वर्ग एकदम गप्प झाला. पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

तेव्हा संगमनगरची इशरत,
दोन दिवसांत जिनं तोंड उघडलं नव्हतं,
बाकावरूनच बोलली:
सर, तुम्ही पूरा खरवडला.
एका बाजूला अर्धाच खरवडायचा.
अर्धा चक्कर करंट ढकलतो,
अर्धा चक्कर त्याला सोडून द्यायचं,
नाहीतर तो परत मागे खेचतो.

कुणी शिकवलं?
कुणी नाय. अब्बा पंखे भरतात ना, वाइंडिंग.
मी तार सोलते. चूक झाली की कळतं.

पण खरवडलेलं परत कसं झाकायचं?
यावर मात्र तीही थांबली.
मग तन्मयी म्हणाली, नेलपेंट!
आणि देवयानीबाईंच्या पर्समधून
मरून रंगाची बाटली निघाली, तळाला गेलेली.
बावीस तारांना अर्धा अर्धा हात लावला.
मग वाळायची वाट.
वडाळ्याच्या त्या उकाड्यात
बावीस तोंडं गोल करून फुंकर घालतायत,
त्यात तेविसावं माझं.

पहिलं फिरलं ते ओजसचं. तो ओरडलाच नाही,
हात मागे घेतला, जसं काही भाजलं.
मग दुसरं. मग कोपऱ्यातली तीन एकदम.
माझं सगळ्यांत शेवटी,
टिचकी मारावी लागली,
पण मग असं सुटलं
की मरून रंग दिसेनासा झाला.

एक वाजला. मुलं जिन्यावरून धडधडत गेली.
सवयीनं मी वही काढली:
सेल, बावीस. पॉलिश पेपर, तीन. नेलपेंट, एक, संपलं.
शेवटचा रकाना, तपासणाऱ्याची सही.
इशरत चप्पल शोधत होती.
तिला म्हटलं, इथे कर.
तिनं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट,
आडनाव रकान्यात मावलं नाही,
ते खालच्या रिकाम्या ओळीत उतरलं.
टेबलावर माझं वेटोळं
अजून फिरतच होतं.